देवाला अक्षता चालतात

या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलं आहे. नाव छापू नका असं बजावलंय. पत्र बरंच मोठं आहे, म्हणून काटछाट करून देते.

"मावशी, नमस्कार. माझं वय ४३. एका खाजगी कंपनीत अकाउंट्सचं काम करते. घरात नवरा, सासूबाई आणि अकरा वर्षांचा मुलगा. आमच्याकडे ज्येष्ठा गौरी असतात. यंदा पूजनाच्या दिवशी चौदा माणसं जेवायला होती. मी महिनाभर आधीपासून याद्या करून सगळं ठरवलं होतं. पहाटे चारला उठले. साडेदहाला पुरणाची डाळ शिजत असताना सिलिंडर संपला. दुसरा रिकामाच होता, कारण नंबर लावायचं नवऱ्याच्या लक्षात राहिलं नाही. मी शेजारणीचा आणून लावेपर्यंत पाऊण तास गेला. मग मिक्सर जळाला. नणंद सकाळीच मदतीला येणार होती, तिची लोकल मध्येच रखडली. बाराला सोसायटीचं पाणी गेलं. आणि आता पूजेला बसायचं तर मुलाच्या हातून पंचामृताची वाटी गौरीच्या नव्या साडीवर सांडली. मी त्याला सगळ्यांसमोर फटका मारला, नको नको ते बोलले. तो रडला नाही. एवढंच म्हणाला, 'आई, तूच सांगतेस ना, देव सगळं नीट करतो म्हणून?' सासूबाई म्हणाल्या, 'ठेविले अनंते तैसेचि राहावे. इतकी चिडचिड बरी नव्हे.' मी बाथरूममध्ये जाऊन रडले. जेवणं तीनला झाली. पुरण सैल झालं होतं, पोळ्या फुटल्या.

गेल्या वर्षी नवऱ्याची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मी हॉस्पिटलच्या बाकावर शांतपणे जप करत बसले होते. आणि सिलिंडर संपला की मी कोसळते. माझी श्रद्धा वरवरची आहे का? की पूजेत काही चुकलं म्हणून हे सगळं झालं? अशा वेळी देवावर भरवसा ठेवून शांत कसं राहायचं, ते सांगा."

अगं, वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत बोलते, राग मानू नकोस.

तुझ्या तीन प्रश्नांतला मधला आधी घेते, कारण तोच तुला आतून पोखरत असणार. पूजेत काही चुकलं म्हणून सिलिंडर संपला का? नाही. आत गॅस नव्हता म्हणून संपला.

ही धास्ती कुठून येते, ते मला चांगलं ठाऊक आहे. लहानपणी सत्यनारायणाची कथा ऐकताना माझ्या पोटात गोळा यायचा. साधुवाणी संन्याशाशी खोटं बोलला, त्याच्या नावेतल्या मालाची पानं-वेली झाली. कलावती प्रसाद न घेता धावली, तर नवऱ्यासकट नाव दिसेनाशी झाली. मी प्रसादाचा शिरा तळहातावर घेऊन एक कणही खाली पडू नये म्हणून मूठ आवळून उभी राहायची आणि शिऱ्यातलं तूप बोटांमधून गळून परकराला लागायचं. देव वरून हिशेब ठेवतोय आणि आपली चूक झाली की दंड लावतोय, हे आपल्यातल्या अनेकींच्या मनात तेव्हापासून बसलंय. त्यामुळे मिक्सर जळाला की आपण मिस्त्री शोधायच्या आधी पाप शोधतो.

पण तुझ्या घरची पूजा गुरुजी सांगत असोत की तू पोथी उघडून करत असशील, पुढच्या वेळी शब्दांकडे नीट कान दे. आसन द्यायचं असतं तेव्हा आपण काय म्हणतो? 'आसनार्थे अक्षतान् समर्पयामि.' पाट, चौरंग, सिंहासन काही मांडत नाही, चिमूटभर तांदूळ वाहतो. अलंकार घालायचे, तेव्हा 'अलंकारार्थे अक्षतान्'. उपवस्त्र नाही, तिथेही अक्षताच. वस्त्र म्हणून कापसाचं वस्त्र, त्याला कुंकवाची बोटं. गणपती हवा, तर सुपारी मांडायची. एवढंच काय, बायको हजर नसेल तर यजमानाने कमरेला सुपारी लावून पूजेला बसायचं, तीही सोय आहे. (आपली जागा सुपारी घेऊ शकते, हे कळल्यावर मला जरा राग आला होता. पण तो विषय वेगळा.)

ज्याने कोणी ही पूजा बांधली, त्याला संसार ठाऊक होता. घरात सोनं नसेल, फुलं मिळाली नसतील, पावसात बाजार भरला नसेल, बायको माहेरी अडकली असेल, हे सगळं त्याने आधीच धरलं होतं. म्हणून प्रत्येक उपचाराला पर्याय ठेवला. आणि एवढं करूनही शेवटी काय म्हणायला लावलं? मला आवाहन कळत नाही, पूजा कळत नाही, विसर्जन कळत नाही, क्षमा कर. मंत्रात कमी राहिलं, क्रियेत कमी राहिलं, भक्तीतही कमी राहिलं, तरी जे केलं ते पूर्ण झालं असं होऊ दे. हे काही खास प्रायश्चित्त नव्हे. पूजा झाली की ती यथासांग झालेली असो नसो, सगळ्यांनी म्हणायचं असतं. म्हणजे काहीतरी बिघडणारच, हे पूजेच्या वेळापत्रकातच बसवलेलं आहे. तुझ्या यादीत मात्र त्याला जागा नव्हती.

मला हे फार उशिरा कळलं. चाळिशी उलटल्यावर एकदा घरच्या गणपतीला गुरुजी आलेच नाहीत, म्हणून मी पोथी घेऊन बसले. संस्कृत यथातथाच, बोट ठेवून वाचत होते. अक्षतान्, अक्षतान्, पुन्हा अक्षतान्, असं तीन-चारदा आलं तेव्हा हसायला आलं. मनात म्हटलं, देवाला तांदूळ चालतात, मलाच रेशमी लागतं.

आता हॉस्पिटलचं बाक आणि स्वयंपाकघराचा ओटा. तिथे शांत आणि इथे कोसळलीस, म्हणून तुला स्वतःची शंका येते. मला यात शंका घेण्यासारखं काही दिसत नाही. अँजिओप्लास्टीच्या दिवशी दार लागलं आणि आत काय चाललंय ते तुझ्या हातात उरलं नाही. डॉक्टर होते, नर्सेस होत्या, यंत्रं होती. तुला कोणी विचारणार नव्हतं, की अजून किती वेळ, वाढायला घेऊ का. हातात काही नव्हतंच, मग देवाच्या हातात देणं सोपं गेलं. स्वयंपाकघराला मात्र दार नसतं. सगळं तुझ्या हातात आहे असं तुलाही वाटतं आणि घरातल्या बाकीच्यांना तर वाटतंच वाटतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात एक हिशेब आहे, तो तुला अकाउंट्सवाली म्हणून आवडेल. कोणतंही काम घडायला पाच गोष्टी लागतात असं तिथे म्हटलंय. काम जिथे घडतं ते अधिष्ठान, करणारा, त्याची साधनं, नाना प्रकारची हालचाल, आणि पाचवं दैव. करणारा हा पाचातला एक. गौरीच्या दिवशी तू पाचही खात्यांची जबाबदारी स्वतःच्या नावावर लिहून घेतली होतीस. सिलिंडर हे साधन, सोसायटीचं पाणी हेही साधन, नणंदेची लोकल म्हणजे दैव म्हण हवं तर. यातलं एकही तुझ्या खात्यातलं नाही, पण बिघडलं की नावे मात्र तुझ्याच पडलं.

आणि खात्यांचं निघालंच आहे तर आणखी एक. आपण म्हणतो, देवावर हवाला टाकला. हवाला हा शब्द मूळचा पैशाच्या व्यवहारातला, आपलं देणं दुसऱ्याने चुकतं करावं म्हणून त्याच्या नावावर टाकायचं. पण हवाला टाकायच्या आधी ते देणं आपलंच आहे का, हे बघायला नको का? सिलिंडरचा नंबर लावणं ही नवऱ्याची जबाबदारी होती, हे तूच लिहिलंयस आणि पुढच्याच वाक्यात शेजारणीकडे तूच धावलीस. हा हवाला देवापर्यंत न्यायचीच गरज नव्हती, तो सोफ्यावर बसलेल्या माणसावर टाकायचा होता. 'सिलिंडर संपलाय, कुठून आणायचा ते तू बघ, मी दहा मिनिटं बसते.' एवढं म्हटलं असतंस तरी अर्ध पत्र कमी झालं असतं. त्याची अँजिओप्लास्टी झालीय, सिलिंडर उचलायला लावू नकोस हे खरं. पण फोन उचलायला हरकत नव्हती.

श्रद्धेच्या नावाखाली बायका दुसऱ्यांची कामं देवाच्या आणि स्वतःच्या अंगावर घेतात आणि मग शांत राहता आलं नाही म्हणून स्वतःलाच दोष देतात, हे या सदराच्या पत्रांत मी वारंवार वाचते. मला त्याचा कंटाळा आलाय, स्पष्टच सांगते.

सासूबाईंचं काय? त्यांनी ऐकवलेला चरण खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तो स्वतःशी म्हणायचा असतो, दुसऱ्याला ऐकवायचा नसतो. भाजलेल्या हाताने पोळी उलटणाऱ्या सुनेला समाधानाचा उपदेश बसल्या जागेवरून करणं फार सोपं. आणि ज्या तुकोबांचा तो चरण, त्यांनी दुष्काळात घरची माणसं जाताना पाहिली, दुकानाचं दिवाळं निघालेलं पाहिलं. त्यानंतरचं ते समाधान आहे. त्याच तुकोबांच्या गाथेत देवाशी भांडणंही काही कमी नाहीत. जनाबाईने तर विठ्ठलाला चक्क शिव्या दिल्या आणि त्या आपण आज टाळ धरून भक्तिभावाने गातो. तेव्हा चिडलेलं माणूस देवाच्या दारातून परत पाठवलं जातं, असं आपल्याकडे तरी कुठे सांगितलेलं नाही.

तू कधी माउलींच्या पालखीची समाजआरती पाहिली आहेस का? दिवसभर चालून पालखी मुक्कामाच्या तळावर येते, दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातो, काय झालं ते ऐकून घेतो. कोणाची वस्तू हरवली, कोणाची सापडली, तेही तिथेच पुकारतात. मग आरती. मला त्यातलं हे फार आवडतं की तक्रार दाबून आरती करत नाहीत. आधी तक्रार, मग आरती. तू मात्र बाथरूममध्ये गेलीस, नळ सोडून रडलीस (नळाला पाणी नव्हतं ना, मग आवाज बाहेर गेला असणार), तोंड पुसून आरतीला आलीस. पुढच्या वेळी टाळ वाजवत राहा.

आणि वारीचीच आणखी एक आठवण. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पिढ्यानपिढ्या पायी. २०२० साली कोरोनामुळे पायी वारी झाली नाही आणि माउलींच्या पादुका एसटीत बसून गेल्या. २०२१ लाही तसंच. ज्यांचं आयुष्य त्या वाटेवर गेलं असे वारकरी त्या दिवशी घरी बसून रडले, काहींनी अंगणातल्या अंगणात फेऱ्या घातल्या. वारी चुकली असं मात्र मी कोणाकडून ऐकलं नाही. चालण्याच्या जागी अक्षता वाहिल्या, इतकंच.

आता शांत कसं राहायचं ते. मी काही शांत बाई नाही, हे आधी सांगून टाकते. माझ्या माहितीतली सगळ्यात शांत बाई म्हणजे माझी आई, आणि तिचं शांत असणं तुला वाटतं तसलं नव्हतं.

आई सांगलीला गावभागात राहायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा ती ८१ वर्षांची होती. सांगलीकर पुराची भाषा फुटात बोलतात. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. कितव्या फुटाला कोणत्या गल्लीत पाणी शिरतं, हे जुन्या माणसांना तोंडपाठ. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. भाऊ घाईघाईने घरी पोचला तर आई माळ्यावर सामान चढवून घेत होती. पहिल्यांदा पिठाचा डबा, मग तांदूळ, मग औषधांची पिशवी, घराचे कागद. देव अजून देवघरातच. भाऊ ओरडला, "अगं, आधी देव घे ना!" ती म्हणाली, "देव भिजले तर पुसून ठेवता येतात. पीठ पुसता येतं का?" मग देव ताम्हनात ठेवून, वर सोवळ्याचं फडकं बांधून, सगळ्यात शेवटी तिने स्वतः हातात घेतले आणि शेजाऱ्यांच्या दुसऱ्या मजल्यावर गेली.

तिथे काय जप करत बसली असेल असं तुला वाटतं? पहिल्याच संध्याकाळी चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरली. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता. वडिलांचा एक जुना फोटो होता, तो पार विरघळून गेला होता. त्याच्यासाठी ती पायरीवर बसून मोठ्याने रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "बरं, आता?" आणि भांडी मोजायला घेतली.

"बरं, आता?" हे तिचं आयुष्यभराचं पालुपद. दूध नासलं, बरं आता? एसटी चुकली, बरं आता? माझं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही, दोन दिवस माझ्यापेक्षा जास्त रडून झाल्यावर, बरं आता? देवावरचा तिचा भरवसा मला या 'आता'मध्ये दिसतो. तिला कधी वाटलं नाही की देव आपलं दूध नासू देणार नाही. दूध नासलं तरी आपण देवाला परके होत नाही, एवढी मात्र तिला खात्री होती. त्यामुळे नासल्याचं कारण शोधत बसण्यात तिचा वेळ जायचा नाही, ती लिंबू पिळून पनीर करायला मोकळी व्हायची. आणि दुसरं म्हणजे तिला नदी माहीत होती. किती फुटाला काय करायचं, हे आधीच ठरलेलं होतं. तिच्या शांतपणात भक्ती किती आणि पाण्याची ओळख किती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

तू गौरीच्या दिवशी पहाटे चारला उठलीस. जेवणं तीनला झाली. मध्ये तू काही खाल्लंस का? पत्रात साधा चहासुद्धा नाही. नैवेद्य होईपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, असं तुमच्याकडे असेल, अनेक घरांत असतं. पण पहाटेपासून उपाशी, ओट्यापाशी उभं, चार शेगड्यांची धग अंगावर घेतलेल्या बाईने सिलिंडर संपल्यावर साधूसारखं वागावं, ही अपेक्षा देवाची नसावी. ज्येष्ठा गौरी माहेरी आलेली लेक मानतो ना आपण? मग माहेरवाशीण दोन दिवस घरी आलीय आणि वहिनी चक्कर येईपर्यंत राबतेय, हे बघून तिला काय आनंद होणार? दूध-केळं खा, साबुदाण्याची वाटी खा, सासूबाईंची हरकत असेल तर त्यांना हा कागद दाखव. त्यांच्या पिढीची मीही आहे म्हणावं.

आणि काही बिघडलं, की पहिली दोन मिनिटं काहीही ठरवू नकोस. शेगडीवर काही असेल तर ते उतरव, हात पुस, तांब्याभर पाणी पी, बूड टेक. जप करायचा तर तेव्हा कर, पण 'सिलिंडर भर' असलं काही मागू नकोस, नुसतं नाव घे. गोंदवलेकर महाराज संसारी माणसांना कामाच्या रगाड्यातच नाम घ्यायला सांगत, ते काही उगीच नाही. नाम घ्यायला सिलिंडर लागत नाही. दोन मिनिटांनी उठशील तेव्हा सिलिंडर रिकामाच असेल. पण 'बरं, आता?' म्हणायला श्वास जागेवर आलेला असेल. या दोन मिनिटांतही तुला रडू आलं, तर रड. शांत माणूस रडत नाही, ही फक्त सिरीयलमधली माहिती.

एक बाजूची गोष्ट. हे सणावारीच होतं की रोजचंच झालंय? तू त्रेचाळीस वर्षांची आहेस. पाळी जाण्याच्या आधीची काही वर्षं झोप उडते, चिडचिड वाढते, एकदम रडू कोसळतं. वर नवऱ्याच्या आजारपणाचं वर्ष गेलंय, ते तू बाकावर बसून निभावलंस खरं, पण ते कुठेतरी साठलेलं असणार. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांना भेट. त्याने श्रद्धा कमी होत नाही.

राहिला मुलगा. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली, कारण तो रडला नाही.

'देव सगळं नीट करतो' हे आपण मुलांना सांगतो, जसं काही दुकानदाराने मिक्सरबरोबर गॅरंटी कार्ड दिलंय. मुलं शब्द धरून ठेवतात. वाटी सांडली आणि गॅरंटी संपली, एवढंच त्याने तुला दाखवून दिलं. त्याने उर्मटपणा केला असं मुळीच मानू नकोस, तो खरोखर विचारत होता. त्याला जवळ घे आणि आधी फटक्याबद्दल माफी माग. 'मी दमले होते' हे नंतर सांग, माफीच्या आधी नको, नाहीतर ती माफी राहत नाही. आणि ती सगळ्यांसमोर माग, कारण मारलंसही सगळ्यांसमोर. सासूबाई समोर असल्या तर उत्तमच.

मग त्याच्या प्रश्नाचं उत्तर. ते तुला जसं येईल तसं दे, माझं पाठ करून नको. मी माझ्या नातीला काय सांगितलं, ते फक्त लिहिते. तिने विचारलं होतं, "आजी, देव होता तर मी सायकलवरून पडले कशी?" मी म्हटलं, "देव सायकल धरत नाही गं. तू पडलीस तेव्हा शेजारचे काका धावत आले ना, तसं काहीतरी करत असावा." तिला ते अर्धवटच पटलं. मलाही. तेवढं पुरे असतं. पूर्ण उत्तर देणाऱ्या मोठ्या माणसांवर मुलांचा विश्वास बसत नाही.

पुढच्या वर्षी त्याला पूजेला शेजारी बसव आणि अक्षतांची वाटी त्याच्याच हातात दे. सांडल्या तर सांडल्या, चिमूटभर तरी उरतीलच.

साडीबद्दल तू विचारलं नाहीस तरी सांगते. सुती असेल तर आधी गार पाण्यात भिजव, गरम पाण्यात दुधा-दह्याचा डाग पक्का बसतो. तुपाच्या जागी भांड्यांचा साबण हलक्या हाताने लाव. रेशमी असेल तर काही करू नकोस, ड्रायक्लीनवाल्याकडे दे आणि पंचामृत सांडलंय असं त्याला स्पष्ट सांग, उगीच 'पाणी उडालं' म्हणू नकोस.

पुरण सैल झालं तर पोळ्या लाटायची घाई करायची नाही. परत कढईत घालून मंद आचेवर आटवायचं, कालथा मध्ये उभा राहिला की झालं. पाहुण्यांना ताक देऊन गप्पा मारत बसवायचं. पाहुणे अर्ध्या तासाने मरत नाहीत.

आणि सणाच्या दोन दिवस आधी सिलिंडर ओल्या फडक्याने पुसून बघायचा. जिथपर्यंत गॅस असतो तिथपर्यंतची ओल उशिरा वाळते, वरचा भाग लगेच कोरडा होतो. हे काम नवऱ्याला दे.